दार लावलं तरी आपोआप उघडतं: खोलीच्या दाराचं लॅच का धरत नाही आणि काय करायचं

खोलीचं दार लोटलं, पण ‘खट्’ असा आवाज आला नाही. दहा मिनिटांनी बघावं तर दार चार बोटं उघडं. सुतार येतो, चौकटीवरच्या पट्टीचं भोक कानशीनं वाढवून देतो, चार-सहा महिने बरे जातात आणि मग पुन्हा तेच. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत ही तक्रार इतकी नेहमीची आहे, की लोक दाराच्या फटीत कागदाची घडी सारून मोकळे होतात. दुखणं परत परत येतं, कारण दुरुस्ती ज्या महिन्यात झाली त्या महिन्यापुरतीच झालेली असते.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक गोष्ट आठवून बघा: दार केव्हापासून धरत नाही? आषाढ-श्रावणात सुरू झालं असेल तर लाकूड फुगलंय, दार पूर्ण आत बसतच नाही. शिमग्यानंतर उन्हं तापल्यावर सुरू झालं असेल तर उलटं, लाकूड सुकून फट वाढलीय आणि लॅचची जीभ पट्टीपर्यंत पोचत नाही. बारा महिने सारखंच असेल तर बिजागऱ्या किंवा चौकट. आणि काल चालत होतं ते आज अचानक बंद पडलं असेल, तर बहुतेक वेळा बिघाड लॉकच्या पोटात असतो. एकाच दाराला जुलैत एक औषध लागतं आणि मार्चमध्ये त्याच्या नेमकं उलटं. जुलैत कानस मारलेलं दार मार्चमध्ये खडखडतं ते यामुळेच.

शब्द आधी ठरवून घेऊ. दाराच्या कडेतून बाहेर येणारा तिरका तुकडा म्हणजे जीभ. चौकटीवर बसवलेलं, भोक असलेलं पत्र्याचं तुकडं म्हणजे पट्टी; दुकानात ‘स्ट्राइक प्लेट’ म्हटलं तरी देतात. चौकटीतली ज्या खाचेत दार टेकतं तो पताम. आपल्याकडचे बरेच सुतार कन्नड बोलणारे असतात, ते लॅचला आणि कडीला दोन्हीला ‘चिलका’च म्हणतील. त्यामुळे फोनवर समजावत बसण्यापेक्षा फोटो पाठवलेला बरा.

जीभ आधी, चौकट नंतर

दार उघडं ठेवा. जिभेवर अंगठा ठेवून ती पूर्ण आत दाबा आणि सोडा. ती टुणकन बाहेर यायला हवी. सुस्त येत असेल, अर्ध्यावर थांबत असेल, तर चौकटीला हात लावायची गरजच नाही.

सगळ्यात पहिला संशय रंगावर घ्या. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधी घर रंगवलं असेल तर रंगाऱ्याचा ब्रश जिभेवरून फिरलेला असतो, आणि ऑइल पेंटचा पापुद्रा जीभ आणि तिच्या भोवतीची लॅचची दर्शनी पट्टी यांच्यात चिकटून बसतो. जुन्या ब्लेडनं चारी कडा खरवडून काढा. चौकटीवरच्या पट्टीचं भोकही बघा. त्यात रंगाचा गोळा, लांबी (पुट्टी), सिमेंट, कधी लहान मुलांनी कोंबलेला खडू सापडतो. भोक निदान १२ ते १५ मिमी खोल हवं. काडी घालून मोजा; कमी असेल तर पट्टी काढून आतलं लाकूड पटाशीनं कोरा.

दुसरा संशय हँडलवर. हँडलचे दोन्ही बाजूंचे स्क्रू जोर लावून आवळले, की दोन्ही प्लेटी लॉकला चिमटीत धरतात आणि जीभ जड होते. दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करून बघा. जीभ लगेच मोकळी झाली, तर आजार तोच होता. हँडलमधली चौकोनी सळई गरजेपेक्षा लांब राहिली असली तरी असंच होतं. ती दोन-तीन मिमी कापावी लागते. हँडल सोडल्यावर आडवं न राहता खाली लोंबत असेल, तर त्याची स्प्रिंग गेलीय, आणि लोंबणारं हँडल जिभेला सतत थोडं आत ओढून धरतं.

तिसरी गोष्ट तेलाची. घरात हाताशी असतं म्हणून लॉकमध्ये खोबरेल तेल सोडायची सवय आपल्याकडे घराघरांत आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषातली पहाट त्याहून बरीच गार असते, म्हणून सकाळी जीभ अडकते आणि दुपारी आपोआप सुटते. वर त्या तेलावर लाल मातीची धूळ बसून लॉकच्या आत चिखल होतो. आधी सोडलं असेल तर लॉक काढून रॉकेल किंवा थिनरनं धुवा, नीट वाळू द्या, आणि मग पेन्सिलीचं शिसं बारीक खरवडून ती पूड जिभेच्या बाजूंना लावा. तेलच हवं असेल तर शिलाई मशीनचं, तेही एक-दोन थेंब.

हे सगळं करूनही जीभ आळशीच असेल तर आतली स्प्रिंग थकलीय. ती बदलत बसू नका, लॅच बदला. त्याची मापं शेवटी दिली आहेत.

एक अगदी साधी चूकही बघून घ्या: जीभ उलटी बसवलेली असणं. जिभेचा उतार दार लागताना पुढे, म्हणजे पतामाच्या बाजूला असतो, आणि सपाट बाजू दार उघडतं त्या दिशेला. उलटी असेल तर दार आदळलं तरी लागत नाही, हँडल फिरवून हातानं लावावं लागतं. गोल नळीचं लॅच काढून अर्धा फेरा फिरवून बसवलं की झालं.

काजळाची खूण

जीभ ठणठणीत असेल तर आता ती आदळते कुठे ते शोधायचं. जिभेच्या टोकाला आणि सपाट बाजूला काजळ किंवा लिपस्टिक लावा. दार नेहमीच्या जोरानं दोनदा लावा, उघडा आणि पट्टी बघा. पट्टीवर उमटलेला डाग सगळं सांगतो.

डाग भोकाच्या खालच्या कडेवर असेल तर दार खाली बसलंय. वरच्या कडेवर असेल तर चौकट हललीय, नाहीतर बसवतानाच चूक झालीय. भोकाच्या उंचीतच पण दार उघडतं त्या बाजूच्या कडेवर असेल तर दार पुरेसं आत जात नाही. आणि डाग कुठेच नाही, पट्टी कोरी, तर फट एवढी आहे की जीभ पोचतच नाही.

आता फट मोजा. दार आणि चौकट यांच्यात सगळीकडे साधारण ३ मिमी अंतर असावं. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून फटीत सरकवून बघितली तरी अंदाज येतो. वर, मध्ये, खाली, तिन्ही ठिकाणी बघा. लॉकच्या बाजूला वर नाणं शिरत नाही आणि खाली तीन शिरतात, असं असेल तर कारण बिजागरीत आहे, पट्टीत शोधू नका.

बिजागरी: बहुतेक वेळा इथेच

दार अर्धं उघडून हँडलच्या बाजूनं दोन्ही हातांनी वर उचलून बघा. वरच्या बिजागरीपाशी हालचाल दिसली, स्क्रूचं डोकं पुढे-मागे होताना दिसलं, की काम सापडलं. दाराचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढत असतं, त्यामुळे पहिल्यांदा तीच ढिली पडते आणि दाराचं लॉककडचं टोक खाली येतं.

स्क्रू हातानं आवळा, ड्रिल मशीननं नको. मशीन एका झटक्यात उरलेली पकडही घालवतं. स्क्रू नुसता फिरत राहत असेल तर भोक मोठं झालंय. इथे लोक लांब किंवा जाड स्क्रू ठोकतात आणि नवीन भानगड करून ठेवतात: जाड स्क्रूचं डोकं बिजागरीच्या खळग्यात बसत नाही, एक-दीड मिमी वर राहतं, आणि दार लावताना बिजागरीची दोन पानं एकमेकांवर न मिटता त्या डोक्यांवर टेकतात. मग दार लागता लागता परत उसळतं, आणि माणूस लॅचला दोष देत राहतो.

बरोबर पद्धत अशी. स्क्रू काढा. बुरुडाकडची बांबूची कामटी किंवा उदबत्तीच्या विझलेल्या काड्या घ्या, मसाला खरवडून टाका. फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च बसतील तेवढ्या काड्या हातोडीनं हलकेच ठोका, ४-५ लागतील. काडेपेटीच्या काड्याही चालतात, पण त्यांचं लाकूड मऊ असतं आणि जड सागवानी दाराला ते टिकत नाही. वर आलेली टोकं पटाशीनं सपाट कापा आणि रात्रभर सोडा. पावसाळ्यात पूर्ण चोवीस तास. दुसऱ्या दिवशी अडीच ते तीन मिमीचं भोक पाडून ८ नंबरचा स्क्रू हातानं बसवा. चौकटीचं लाकूड चांगलं अडीच-तीन इंच जाड असतं, म्हणून वरच्या बिजागरीच्या चौकटीकडच्या पानात एक स्क्रू ५० मिमीचा घातलात तर तो खालच्या नव्या लाकडात पकड घेतो. नंबर मात्र ८ च, लांबीच काय ती वाढवायची. हे काम चालू असताना दाराखाली पाचर सारून ठेवा, नाहीतर एका बिजागरीवर लोंबकळणारं दार दुसरीही उपटून काढतं.

४ इंची तीन बिजागऱ्या हव्यात. दोनच बिजागऱ्यांवर टांगलेलं दार आज ना उद्या बसतंच, आणि बांधकामात पैसे वाचवायला मधली गाळलेली घरं काही कमी नाहीत. तिसरी बसवून घेणं हीच मग खरी दुरुस्ती.

सगळे स्क्रू घट्ट आहेत, तरीही जीभ जराशी खालीच लागते? मग खालच्या बिजागरीच्या चौकटीकडच्या पानामागे पुठ्ठ्याचा तुकडा घालून बघा. खालची बिजागरी १ मिमी पुढे आली, की साधारण अडीच फुटी दाराचं लॉककडचं टोक अर्धा मिमीच्या आसपास वर जातं. म्हणजे या उपायाची धाव एक मिमीपर्यंत. त्याहून जास्त फरक पुठ्ठ्यानं भरू नका, दार तळाशी लॉकच्या बाजूला घासायला लागेल. पुठ्ठा न्हाणीघराच्या दाराला चालत नाही, भिजून लगदा होतो. तिथे प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण कापून घ्या.

पट्टी

बिजागऱ्या ठीक आहेत आणि चूक दोन मिमीपर्यंत आहे, तर पट्टीचं भोक वाढवा. पट्टी चौकटीवरच ठेवून कानस मारायचा मोह होतो, पण कानस सरळ चालत नाही आणि पॉलिश खराब होतं. काढून शिकंज्यात धरा, पाच मिनिटांचं काम आहे. कुठली कड घासायची ते काजळाचा डाग सांगतो: खाली डाग असेल तर खालची, आणि दार पुरेसं आत जात नसेल तर दार उघडतं त्या बाजूची. पट्टीइतकंच मागचं लाकूडही कोरायला विसरू नका. पत्रा मोकळा आणि लाकूड तसंच, हे अर्धवट काम नेहमी दिसतं.

दोन मिमीहून जास्त चूक असेल तर पट्टी सरकवा. जुनी स्क्रूची भोकं वर सांगितलं तशी भरून, नवीन खाच पटाशीनं पट्टीच्या जाडीएवढीच खोल करा. मागे उरलेल्या खाचेत सागवानाची चिप फेव्हिकॉलनं बसवा. नुसतं एम-सील भरलं तर त्याच्या कडेला पाडलेला स्क्रू धरत नाही.

जीभ पोचतच नसेल तर याच पट्टीच्या मागे दीड-दोन मिमीची पातळ प्लायची पट्टी घालून ती पुढे आणा. फट सहा-सात मिमी असेल तर तिन्ही बिजागऱ्यांच्या मागे सारखा एक-दीड मिमी पुठ्ठा घालून अख्खं दार लॉकच्या बाजूला ढकला, आणि मग उरलेलं पट्टीनं भागवा.

गोल नॉबच्या लॉकमध्ये जिभेशेजारी एक बारीक खिटी असते. दार बंद असताना ती भोकात पडता कामा नये, पट्टीच्या पत्र्यावर दाबलेली राहायला हवी. भोक बेसुमार वाढवलं की खिटीही आत पडते, आणि मग दार बाहेरून प्लॅस्टिकच्या कार्डानं सहज उघडतं. भाड्यानं दिलेल्या खोलीच्या दाराला हे विशेष बघा.

पाऊस आणि ऊन

लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळपास नाही. म्हणून पावसात दाराची उंची तेवढीच राहते आणि रुंदी वाढते. भरीव सागवानी दारात दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या मिळून दोन मिमी वाढ सहज होते. जांबोटी, कणकुंबीकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलीच असते, तिथे ३ मिमीची फट श्रावणात नावालाच उरते. तेच अथणी-रायबागच्या कोरड्या बाजूला एप्रिल-मेमध्ये दारं सुकून खडखडतात. खानापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यातलं मत्तीचं (ऐनाचं) किंवा नाणा या झाडाचं लाकूड सागवानापेक्षा जास्त हलतं. घाईत, ओलं असताना कापून बनवलेलं दार तर पहिली दोन वर्षं बसत नाही.

आमचं मत याबाबतीत ठाम आहे: पावसात रंधा मारू नका. घासतंय कुठे ते शोधा, कारण ते शोधायची वेळ हीच. कॅलेंडरचा कागद फटीत धरून दार लावा आणि ओढा. जिथे अडकतो तिथे दाराच्या कडेला पेन्सिलीनं रेघ ओढा, महिना लिहा. तोवर त्या जागेवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासून काम चालवा. दिवाळीनंतर लाकूड सुकलं, की त्याच रेघांवर एक मिमी घ्या, जास्त नाही. लॉकच्या कडेचा रंधा जरा तिरका चालवा: ३५ मिमी जाड दाराला पतामाकडची कड दीड-दोन मिमी जास्त उतरती ठेवली, तर दार फिरताना घासत नाही आणि बंद झाल्यावर फटही मोठी दिसत नाही.

लॉकच्या बाजूनं रंधा मारायचा तर लॅचची दर्शनी पट्टी आधी काढावी लागते आणि तिची खाच तेवढीच खोल करावी लागते. जास्त घ्यायचं असेल तर बिजागरीच्या कडेनं घेणं सोपं पडतं. फ्लश डोअरला (दोन्ही बाजूंनी प्लाय चिकटवलेल्या सपाट दाराला) मात्र मर्यादा आहे: कडेला जी सागवानी पट्टी चिकटवलेली असते तिच्या जाडीच्या आतच. ती संपली, की आतला भराव उघडा पडतो आणि पुढच्या पावसात दार पोळीसारखं फुगतं.

रंधा मारलेल्या कोऱ्या कडेला त्याच दिवशी प्रायमर आणि वर दोन हात ऑइल पेंट किंवा पॉलिश हवं. आणि दाराची वरची, खालची कड? तिथे हात फिरवून बघा. दहातल्या बऱ्याच दारांना तिथे कधीच रंग लागलेला नसतो, कारण ती दिसत नाही. ओल नेमकी तिथूनच शिरते. दरवर्षी पावसाळ्यात अडकणाऱ्या दाराला कोरड्या दिवसांत खाली उतरवून त्या दोन कडा रंगवणं, हा एकच उपाय कित्येकदा रंध्याची गरज ठेवत नाही.

चौकटच हलली असेल तर

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पाया पावसात उचलतो आणि उन्हाळ्यात बसतो. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरकी भेग गेली असेल, तर लॅचवर वेळ घालवू नका. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि उभ्या पायांना ओळंबा लावा. कर्णांत पाच-सात मिमी फरक असेल तर चौकट तिरकी झालीय. अशा घरात दर दोन वर्षांनी दार तासण्यापेक्षा उभ्या लांबट भोकाची पट्टी बसवावी, म्हणजे जीभ वर-खाली झाली तरी धरते.

वेगळा प्रकार म्हणजे चौकट भिंतीतून सुटणं. दार आपटलं की चौकटीच्या कडेनं गिलावा भुरभुरत असेल, तर आतली होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, ढिली आहे. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत चौकटीतून आरपार लांब फास्टनर मारून ती आवळता येते. जांभ्या दगडाच्या जुन्या भिंतीत मात्र प्लॅस्टिकचा प्लग सरळ निसटतो. तिथे जागा कोरून होल्डफास्ट सिमेंटमध्ये पुन्हा भरणं आणि आठवडाभर दार न आपटणं, याला पर्याय नाही.

न्हाणीघराच्या पीव्हीसी दाराला यातलं बरंचसं लागू नाही. तिथे पोकळ पीव्हीसीतून स्क्रू सुटतात, काड्या भरून उपयोग नसतो. आरपार नट-बोल्ट लावा.

तात्पुरतं काही हवंच असेल, घरी पाहुणे यायचे आहेत आणि लॉकचं काम नंतर करायचंय, तर दाराच्या वरच्या कडेला मॅग्नेटचा कॅचर चालतो. पण वारा सुटला, समोरासमोर दोन खिडक्या उघड्या असल्या, की तो दार धरत नाही, आणि दर वेळी आपटणाऱ्या दारानं चांगली बिजागरीही ढिली होते.

लॅच बदलायचं ठरलं तर दुकानात जुनं सोबत न्या. नाहीच तर दाराच्या कडेपासून हँडलच्या चौकोनी सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. गोल नळीच्या लॅचला ते बहुधा ६० किंवा ७० मिमी असतं. दहा मिमीच्या फरकानं नवीन भोक पाडावं लागतं. दाराची जाडीही लिहून घ्या, आणि पट्टी पाकिटात आहे की नाही ते काउंटरवरच उघडून बघा.